साडेचार वर्षांच्या मुलीला कोणता सिनेमा दाखवावा?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साडेचार वर्षांची. सुट्टीत आलेल्या दहा वर्षांच्या आत्तेभावाबरोबर तिलाही थिएटरात नेलं. सिनेमाला 'यू' प्रमाणपत्र होतं, तरी मध्यंतराच्या आधीच तिला रडत बाहेर आणावं लागलं. त्यानंतर काही रात्री ती एकटी झोपायला तयार नव्हती. सासूबाई म्हणतात, 'दाखवत राहा, सवय होईल.' आईला हवी आहे सिनेमांची यादी: संस्कारक्षम, आणि जमलं तर मराठीतले, कारण मुलीला इंग्रजी कळत नाही.

मी आधी बालवाडीत शिकवायचे. आता बरीच वर्षं एका बालवाचनालयात तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी सिनेमाचे खेळ लावते. यादी पुढे देतेच. पण नुसती यादी दोन महिन्यांत संपेल आणि तुम्ही परत तिथंच याल, म्हणून सिनेमा निवडायचा कसा ते आधी सांगते.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. मोठ्या पडद्याची, अंधाराची सवय होते. घाबरवणाऱ्या दृश्याची मात्र या वयात सवय होत नाही, फार तर मूल डोळे मिटून गप्प बसायला शिकतं आणि आपल्याला वाटतं, धीट झालं. माझ्या खेळांना असं गप्प बसलेलं मूल दिसलं, की मी रडणाऱ्या मुलाआधी त्याच्याकडे जाते.

या वयाचं मूल पडद्याकडे कसं बघतं, यावर बरंच काम झालेलं आहे. 1990 साली मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना टीव्हीवर लाह्यांनी भरलेलं भांडं दाखवलं आणि विचारलं, टीव्ही उलटा केला तर लाह्या सांडतील का? तीन वर्षांची बरीच मुलं 'हो' म्हणाली. चार वर्षांच्या आसपास ही समज बदलू लागते. तुमची मुलगी त्या उंबरठ्यावर आहे. 'हे खोटं आहे' हे तिला दिवसा, तुमच्या मांडीवर बसून कळतं. अंधारात, मोठ्या आवाजात ते कळणं टिकत नाही.

दुसरी गोष्ट जोॲन कँटर या अमेरिकी संशोधिकेच्या कामातून पुढे आली, आणि माझ्या रोजच्या उपयोगाची तीच आहे. पाच-सहा वर्षांपर्यंतची मुलं जे भीतीदायक *दिसतं* त्याला घाबरतात, मोठी मुलं जे खरंच *घडू शकतं* त्याला. सत्तरच्या दशकातल्या 'द इन्क्रेडिबल हल्क' मालिकेत साधा माणूस हिरवा राक्षस होऊन लोकांना वाचवतो. तो मदत करतोय हे मोठ्या मुलांना कळायचं. लहानग्यांना तेवढा चेहरा बदलताना दिसायचा, आणि ती तिथंच हादरायची. आपल्याकडचं उदाहरण 'झपाटलेला'. 1993 च्या या सिनेमातल्या तात्या विंचूवर आपण पोट धरून हसतो. चार वर्षांच्या मुलाला दिसतो तो डोळे फिरवणारा, चाकू धरणारा बाहुला, आणि तसेच बाहुले त्याच्या स्वतःच्या कपाटात असतात. विनोद म्हणून ते पचायला बरंच मोठं व्हावं लागतं.

म्हणून 'गोष्ट गोड आहे, शेवटी सगळं छान होतं' या भरवशावर सिनेमा निवडू नका. शेवटी छान होण्यासाठी जी सव्वा तासाची वाट बघावी लागते, ती या मुलांना बघता येत नाही. त्यांच्यासाठी समोरचं दृश्य हाच अख्खा सिनेमा असतो.

आता प्रमाणपत्राचं. 'यू' म्हणजे कुणीही पाहायला हरकत नाही. लहान मुलांसाठी बनवलेला, असा त्याचा अर्थ नाही. 2023 च्या कायदादुरुस्तीनंतर आपल्याकडे 'यूए'चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांचे, तीन भाग झाले, 7+, 13+ आणि 16+. ही सुधारणा चांगलीच आहे, पण सगळ्यात खालची पायरी सात वर्षांची. तीन, चार, पाच वर्षांच्या मुलांबद्दल आपलं प्रमाणपत्र वेगळं काहीच सांगत नाही. ब्रिटनचं प्रमाणपत्र मंडळ निदान एवढं म्हणतं, की त्यांचा 'यू' सिनेमा साधारण चार वर्षांपासून पुढच्या मुलांना चालावा, आणि सिनेमात धास्तीचं काय आहे ते दोन ओळींत आपल्या संकेतस्थळावर लिहितं. परदेशी ॲनिमेशनपट निवडताना मी ते वाचते. मराठी-हिंदी सिनेमांसाठी अशी सोय जवळजवळ नाही, तिथे स्वतःच बघावं लागतं.

निर्मात्याच्या नावावरही जाऊ नका. जपानच्या घिबली स्टुडिओने 1988 मध्ये दोन सिनेमे एकत्र प्रदर्शित केले होते. एक 'माय नेबर टोटोरो', जो मी चार वर्षांच्या मुलांना बिनधास्त दाखवते. दुसरा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', युद्धात उपासमारीने मरणाऱ्या दोन भावंडांचा. तो बघायला मोठ्यांनाही छाती घट्ट करावी लागते. घर तेच, चित्रांची धाटणीही ओळखीची.

'कार्टूनच आहे ना, मग चालेल' हा तर सगळ्यात मोठा गैरसमज. 2014 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक तुलना छापून आली होती. 1937 ते 2013 मधले 45 गाजलेले ॲनिमेशनपट एका बाजूला, मोठ्यांचे नाट्यमय सिनेमे दुसऱ्या बाजूला. मुलांच्या सिनेमात मुख्य पात्र मरण्याची शक्यता सुमारे अडीचपट निघाली, आणि पात्राचे आई-वडील मरण्याची पाचपट. 'बँबी'ची आई, 'लायन किंग'मधला मुफासा, 'फाइंडिंग निमो'च्या सुरुवातीलाच बॅराकुडा माशाने संपवलेली निमोची आई. तुमच्या मुलीचं सगळं जग सध्या आई-बाबांभोवती आहे. ते जग पहिल्या पाच मिनिटांत मोडलं, तर पुढचे रंगीबेरंगी मासे ती कुठल्या मनाने बघणार? 'निमो' घरी लावायचाच असेल, तर तो हल्ला गाळून, निमो शाळेत जायला उठतो तिथून लावा. काही बिघडत नाही.

मी स्वतः सिनेमा कसा तपासते, ते सांगते. अख्खा बघायला वेळ नसतो तेव्हा पहिली दहा मिनिटं आणि शेवटची पंचवीस मिनिटं बघते. मुलांच्या सिनेमात जीव टांगणीला लागतो तो बहुतेक याच दोन ठिकाणी. मधल्या भागात कुणाचा चेहरा किंवा शरीर बदलतं का, एवढं पुढे ढकलत बघून घेते. मग तीच शेवटची मिनिटं चित्राकडे पाठ करून नुसती ऐकते. भीतीचा मोठा वाटा आवाजात असतो, आणि आपण चित्राकडे बघत असल्याने तो आपल्याला जाणवत नाही. चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: संकट किती मोठं आहे यापेक्षा ते किती वेळ चालतं. वाघ आला, पळाले, वाचले, हसले, हे एका मिनिटात झालं तर मुलं 'परत लाव' म्हणतात. तोच पाठलाग आठ-दहा मिनिटं ताणला, की पहिल्या रांगेतल्या उश्या डोळ्यांवर जायला लागतात.

वेगाचंही तसंच. 2011 मध्ये अँजेलिन लिलर्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी चार वर्षांच्या 60 मुलांवर एक प्रयोग केला. काहींना नऊ मिनिटं धावतं कार्टून दाखवलं, ज्यात सरासरी दर 11 सेकंदांनी दृश्य बदलत होतं. काहींना संथ कार्टून, ज्यात दृश्य साधारण 34 सेकंद टिकायचं. उरलेल्यांनी चित्रं काढली. लगेच नंतर दिलेल्या, थांबून विचार करण्याच्या कामांत पहिला गट मागे पडला. हा परिणाम कायमचा असतो असं त्यातून सिद्ध होत नाही. पण खेळ संपल्यावर मुलं भिंतींवर का चढतात, याचं उत्तर मला त्यात मिळालं आणि मी संथ सिनेमांकडे वळले. ओळखायची सोपी रीत म्हणजे सिनेमात पाऊस पडताना, कुणी जेवताना, कुणी नुसतं बसलेलं असताना कॅमेरा थांबतो का ते बघणं.

संस्कारांबद्दल मी थोडं नाराज करणार आहे. सिनेमातून 'बोध' घेणं या वयाला जवळजवळ जमत नाही. मेरी-लुईझ मॅरेस आणि एमिली अकोस्टा यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना एका लोकप्रिय कार्टूनचा भाग दाखवला. त्यात तीन पायांचा एक कुत्रा येतो, बाकीचे कुत्रे आधी त्याला टाळतात, मग मैत्री करतात. वेगळ्या माणसांना सामावून घ्यावं, हा बोध मोठ्यांना चटकन दिसतो. मुलांना काय शिकलात असं विचारल्यावर बहुतेकांचं उत्तर होतं: तीन पायांच्या कुत्र्याशी चांगलं वागावं. मला हे उत्तर फार आवडतं, कारण ते प्रामाणिक आहे. तेव्हा संस्कारक्षम म्हणून विकल्या जाणाऱ्या, शेवटी कुणीतरी हात जोडून उपदेश करणाऱ्या चित्रफितींवर पैसे घालवू नका. पात्रं एकमेकांशी कशी बोलतात, राग आल्यावर काय करतात, जाड्या-बुटक्या-काळ्या माणसाला हसतात का, एवढं बघा. मुलं तेवढंच उचलतात, आणि ते मात्र भराभर उचलतात.

मराठी सिनेमा हवा, या इच्छेत एक अडचण आहे. मुलं नायक असलेले उत्तम सिनेमे आपल्याकडे आहेत, पण त्यांतले बहुतेक मुलांविषयीचे आहेत, लहान मुलांसाठीचे नाहीत. 'श्वास'मध्ये आजोबांना नातवाला सांगायचं असतं, की शस्त्रक्रियेनंतर त्याची दृष्टी जाणार आहे. 'टिंग्या'त पोराचा जिवाभावाचा बैल जखमी होतो आणि घरचे तो विकायला निघतात. 'किल्ला'तल्या मुलाचे वडील गेलेले आहेत. 'नाळ'मध्ये आपली आई आपली जन्मदाती नाही, हे एका मुलाला कळतं. 'श्यामची आई'त तर आई जातेच. 'फँड्री'बद्दल बोलायलाच नको, तो सिनेमा तिला मोठं झाल्यावर दाखवायचं कर्तव्य आपलं आहे, पण आत्ता नाही. पोस्टरवर गोड मुलगा दिसला म्हणून पाच वर्षांच्या लेकराला यांतल्या कुठल्याही सिनेमाला घेऊन येणारे पालक मी बघते, आणि मग जिन्यात समजूत काढत बसलेलेही बघते. 'एलिझाबेथ एकादशी' त्यातल्या त्यात हलका. लाडकी सायकल विकावी लागू नये म्हणून भावंडं पंढरपूरच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडतात. तरी कर्ज, जप्ती, आईची ओढाताण हे सगळं कळायला आठ-नऊ वर्षांचं वय हवं. आत्तेभावाला जरूर दाखवा.

मग साडेचार वर्षांच्या मराठी मुलीने काय बघावं? माझं उत्तर आहे, ज्यात बोलणं नाही किंवा फार कमी आहे असे सिनेमे, आणि शेजारी बसून मराठीत बोलणारी आई, आजी, बाबा. सिनेमा मराठी करायचं काम घरच्यांनी करायचं. सासूबाईंना हे काम द्या, त्या रंगून करतील.

सुरुवात छोट्यापासून करा. 'एक अनेक और एकता' ही विजया मुळे यांनी 1974 साली केलेली फिल्म. ॲनिमेशन भीमसेन यांचं. ती हिंदीत आहे, पण गाणं ऐकताच मुलं उचलतात, आणि अर्थ सांगायला तुम्ही आहातच. 'द स्नोमॅन' (1982) 26 मिनिटांचा, एका गाण्यापलीकडे शब्दच नाहीत. बर्फाचा माणूस जिवंत होतो आणि मुलाला घेऊन आकाशात उडतो. शेवटी तो वितळतो, ते आधीच सांगून ठेवा. 'द ग्रफेलो' (2009) 27 मिनिटांचा. छोटासा उंदीर नुसत्या बोलण्याच्या जोरावर मोठमोठ्या जनावरांना पळवतो. यात इंग्रजी निवेदन आहे, पण गोष्ट एवढी सरळ की आवाज लहान करून तुम्ही सांगू शकता. ग्रफेलो दिसायला राक्षसच आहे, म्हणून आधी त्याचं चित्र दाखवा, त्याचे दात, त्याची नाकावरची चामखीळ तिला मोजू द्या.

लांब सिनेमा पहिल्यांदा दाखवायचा तर 'टोटोरो'च. 86 मिनिटं. दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात. धाकटी मेइ तुमच्या मुलीच्याच वयाची आहे. सिनेमात खलनायक नाही, मारामारी नाही. घरात काजळीचे चिमुकले गोळे पळतात, आणि रानात एक केसाळ, झोपाळू प्राणी राहतो, ज्याच्या डरकाळीला मेइ घाबरायच्या ऐवजी ओरडून उत्तर देते. बसथांब्यावर पावसात उभं राहण्याचं दृश्य इतकं निवांत आहे, की माझ्या खेळाला पन्नास मुलांची खोली तिथे चिडीचूप होते. दोन जागा सांभाळा. या मुलींची आई आजारी आहे, दवाखान्यात आहे. तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर सध्या हा सिनेमा लांबवा. आणि शेवटाकडे मेइ हरवते, तळ्यात एक चप्पल सापडते. ती चप्पल मेइची नाही, हे तिथे लगेच कानात सांगा.

'शॉन द शीप'चा 2015 चा सिनेमा 85 मिनिटांचा आणि पूर्ण बिनसंवादाचा. मेंढ्या शहरात जाऊन जो गोंधळ घालतात, तो कुठल्याही भाषेत तितकाच हसवतो. प्राणी पकडणारा माणूस थोडा तापदायक आहे, पाचव्या वाढदिवसानंतर बघितला तर बरं. 'द रेड बलून' हा 1956 चा फ्रेंच सिनेमा, पॅरिसच्या गल्ल्यांतून एका मुलाच्या मागे-मागे जाणारा लाल फुगा. अर्ध्या तासाहून थोडा मोठा, संवाद नावापुरते, आणि गंमत म्हणजे त्याला ऑस्कर मिळालं ते पटकथेचं. द्वाड मुलं तो फुगा फोडतात, तेव्हा खोलीत एखादं मूल हमखास रडतं. पण लगेच शहरभरचे फुगे त्या मुलाकडे उडत येतात. सहा वर्षांपुढच्यांना मी तो दरवर्षी दाखवते. साडेचारला थोडी घाई होईल.

दिवसाला किती, हेही सांगून टाकते. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना सगळे पडदे धरून दिवसाला तासाभराच्या वर नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. म्हणजे 'टोटोरो' दोन दिवसांत विभागून बघा. 'आता उद्या' म्हटल्यावर गोष्ट रात्रभर तिच्या डोक्यात घोळते, हा वर फायदा. तोच सिनेमा पुन्हा-पुन्हा मागितला तर वैतागू नका. अमेरिकेत एका बालमालिकेचा एकच भाग मुलांना सलग पाच दिवस दाखवून पाहिला, तेव्हा त्यांची समज दर वेळी वाढत गेली आणि ती पडद्यावरच्या प्रश्नांना मोठ्याने उत्तरं द्यायला लागली. पुढे काय होणार हे माहीत असणं, हीच या वयाची मजा. म्हणून नवीन सिनेमाची गोष्टही शेवटासकट आधी सांगून टाका. मोठ्यांचा रसभंग होतो, त्यांचा होत नाही.

घरी बघताना दिवा चालू ठेवा, फोनऐवजी टीव्हीवर बघा आणि रिमोट हातात ठेवा. घाबरली असं वाटलं तर आधी आवाज बंद करा, चित्र चालू द्या. निम्मी भीती तिथंच उतरते. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. मुलांच्या सिनेमामागून काय लागेल याचा नेम नसतो, आणि तेव्हा आपण नेमके स्वयंपाकघरात असतो.

थिएटरात वर्षभर नाही नेलं तरी चालेल. न्यायचंच तर सकाळचा खेळ, मागची रांग, कडेची खुर्ची. आत दहा-पंधरा मिनिटं उशिरा जा. इतर सिनेमांच्या झलका आणि तंबाखूच्या दुष्परिणामांची जाहिरात चुकवायची म्हणून. त्या जाहिरातीतली तोंडं बघून घाबरलेली मुलं मला मुख्य सिनेमाला घाबरलेल्या मुलांपेक्षा जास्त भेटली आहेत. ती मध्यंतरानंतर परत लागू शकते, तेव्हा लाह्या सावकाश घ्या. आणि 'बाहेर जाऊ या' म्हणाली की तिकिटाच्या पैशांचा विचार न करता उठा.

आत्ता जी भीती बसली आहे तिचं काय? 'खोटं असतं गं ते' हे समजावणं या वयाला फारसं लागू पडत नाही, हेही कँटरच्याच कामातून दिसतं. जवळ घेणं, आवडती गोधडी, कोमट दूध, काही दिवस तुमच्याजवळ झोपणं, याचा उपयोग होतो. ज्याला ती घाबरली, त्याचं चित्र दिवसा तिला काढायला द्या, त्याला टोपी घालू द्या, मिश्या काढू द्या. तो सिनेमा 'भीती मोडायला' म्हणून परत दाखवू नका. बहुतेक मुलं आठ-पंधरा दिवसांत सावरतात. महिना उलटूनही झोप, जेवण, शाळा बिघडलेलीच असेल, तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना भेटा.

राहिला आत्तेभाव. दोघांना चालेल असा एक सिनेमा शोधण्याच्या नादात बहुतेक वेळा धाकट्याचं नुकसान होतं, कारण मोठा 'हे बाळबोध आहे' म्हणतो आणि घरचे त्याचं ऐकतात. पुढच्या सुट्टीत त्याला त्याच्या मामाबरोबर थिएटरात पाठवा आणि त्याच दुपारी तिला घरी 'द ग्रफेलो' लावून द्या. संध्याकाळी तिने त्याला उंदराची गोष्ट सांगायची, त्याने तिला त्याच्या सिनेमातली सांगायची. राक्षसाचा भाग त्याने कितपत रंगवायचा, ते मात्र आधी ठरवून घ्या.